अर्धविराम आणि प्रश्नचिन्ह

अर्धविराम हे मराठीतलं सर्वांत उपेक्षित चिन्ह आहे, असं मी गेली वीस वर्षं वर्गात सांगत आलो आहे. पूर्णविरामाला मान आहे, स्वल्पविरामाला तर ऊत आला आहे. पण अर्धविराम कुठं द्यावा असं विचारलं, की सगळा वर्ग माना खाली घालतो. अशा या गरीब चिन्हानं एक दिवस मराठीच्या प्राध्यापकावरच सूड उगवावा, हा दैवाचा खेळच म्हणायचा. आणि त्याच्या पाठोपाठ प्रश्नचिन्हानं जे केलं, ते आठवलं की अजून माझ्या पोटात कालवतं. पण ते पुढं.

गोष्ट २०२१ सालची. कॉलेजं बंद होती. मी पुण्यात आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये बसून संगणकाच्या पडद्यासमोर मर्ढेकर शिकवत होतो, आणि पडद्यापलीकडे मुलं आहेत की नुसती त्यांची नावं आहेत, हे परमेश्वरालाच ठाऊक होतं. रिकामा वेळ पुष्कळ. तेव्हा मनात घेतलं, की नानांच्या वह्यांची वेबसाइट करायची.

नाना म्हणजे माझे वडील. चिपळूण तालुक्यात त्यांनी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. बदली होईल त्या गावी जायचं, मुलांच्या नि त्यांच्या आयांच्या तोंडचे शब्द ऐकायचे आणि रात्री कंदिलाजवळ बसून ते वहीत उतरवायचे, हा त्यांचा नाद. गडगा, बेडं, साकव, पाखाडी, इरलं, तरवा. शब्द, त्याचा अर्थ आणि पानाचा आकडा. अशा तीन जाडजूड वह्या झाल्या होत्या. पहिल्या दोन मी मागंच पुण्याला आणून, विद्यार्थ्यांकडून टाइप करून घेऊन एका साध्या साइटवर चढवल्या होत्या. तिसरी वही चिपळूणला, घरी नानांपाशीच होती.

ती जुनी साइट होती चाळीत. म्हणजे असं, की एकाच सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं, सर्वांना मिळून एक नळ, आणि एकानं कपडे धुवायला काढले की बाकीच्यांचं पाणी बंद. मी ठरवलं, आपण स्वतंत्र ब्लॉक घ्यायचा. महिन्याला थोडे जास्त पैसे भरले की आपला स्वतःचा छोटा सर्व्हर मिळतो. मिळाला. पण चाळीत जी कामं मालकाचा भय्या करायचा ती सगळी आता माझ्या गळ्यात आली.

ज्यांना या शास्त्राची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. सर्व्हर ही एक खाणावळ समजा. दारात अपाची नावाचा वाढपी उभा असतो. गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवं, हे ऐकून तो आत हाक मारतो. आत पीएचपी नावाचा आचारी असतो. तो प्रत्येकाला गरमागरम पान तयार करून देतो. आणि मागं मायएसक्यूएल नावाचं कोठीघर असतं, तिथं सगळा शिधा डब्यांतून नीट लावलेला. नावं मोठी मजेची आहेत. अपाची १९९५ साली निघाला, तो जुन्या एका सर्व्हरला ठिगळं लावून लावून. ‘अ पॅची सर्व्हर’ या ठिगळांवरच त्याच्या नावाची कोटी करतात. पीएचपी ज्यानं लिहिली तो रास्मुस लेर्दोर्फ ग्रीनलंडात जन्मलेला गृहस्थ. आपली माहिती कोण कोण वाचून जातं ते पाहावं म्हणून त्यानं १९९४ साली स्वतःपुरती सोय केली, तिचा पुढं एवढा वटवृक्ष झाला. आणि मायएसक्यूएलमधली ‘माय’ ही आपली आई नव्हे, ती मोन्टी विडेनियस या कर्त्याची मुलगी! पुढं त्यानं मारियाडीबी काढलं ते धाकट्या मुलीच्या नावानं. हे मी हिला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ही म्हणाली, “बघा, त्या माणसानं मुलींची नावं दिली. तुम्ही आपल्या मुलीला निदान वेळेवर जेवायला तरी हाक मारा.”

तर या आचाऱ्याच्या भिंतीवर सूचनांची एक यादी टांगलेली असते. तिचं नाव पीएचपी डॉट आयएनआय. एका वेळी किती वेळ शिजवायचं, किती जागा वापरायची, गिऱ्हाइकानं बाहेरून आणलेलं केवढं गाठोडं आत घ्यायचं, घड्याळ कुठल्या गावचं लावायचं, सगळं तीत लिहिलेलं. मी रात्री एक वाजता केलेल्या नोंदीवर आदल्या संध्याकाळचे साडेसात पडत होते. आचाऱ्याचं घड्याळ ग्रिनिचचं होतं. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मी यादी उघडली, घड्याळाची ओळ सापडली, तिच्यापुढं ‘आशिया, कोलकाता’ असं व्यवस्थित लिहिलं आणि समाधानानं झोपलो. सकाळी पाहतो तर घड्याळ ग्रिनिचलाच!

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. हा हिंजवडीला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. बी. ए.च्या पहिल्या वर्षी त्याला मी मराठीत काठावर पास केलं होतं, हे दोघांच्याही लक्षात आहे. सभ्यपणानं कुणी काढत नाही.

“सर, त्या ओळीच्या सुरुवातीला काही चिन्ह आहे का?” त्यानं विचारलं.

“आहे. अर्धविराम आहे.”

“तो काढा. अर्धविरामानं सुरू होणारी ओळ पीएचपी वाचतच नाही. ती नुसती टीप समजते.”

मी थक्क झालो. वीस वर्षं मी या चिन्हाची बाजू घेऊन भांडलो; आणि इथं त्याच्या अंगी एवढं सामर्थ्य, की त्यानं नुसतं दारात उभं राहावं आणि अख्ख्या ओळीची वाचा बसावी!

अर्धविराम काढला. तरी घड्याळ हलेना. पुन्हा फोन. “सर, सर्व्हर पुन्हा सुरू केलात का?” म्हणजे हा आचारी यादी रोज वाचत नाही, कामावर येताना एकदा वाचतो, मग भिंतीवर तुम्ही काय वाटेल ते लिहा, तो वर पाहायचा नाही. त्याला घरी पाठवून पुन्हा बोलवायचं. तेही केलं. तरी नाही! शेवटी उलगडा झाला तो असा, की याद्या दोन होत्या. एक वाढप्यामार्फत आलेल्या गिऱ्हाइकांसाठी, आणि दुसरी मालकानं मागच्या दारानं थेट हुकूम दिला तर त्यासाठी. मी इतके दिवस मागच्या दाराची यादी सुधारत होतो. आचारी कुठली यादी वाचतो, तिचा पूर्ण पत्ता पीएचपीइन्फो नावाच्या पानावर छापलेला असतो. पण ते पान उघडून पाहायचं असतं, हे सांगणारं कुणी भेटायला हवं ना!

हे सगळं मी आज हसत हसत सांगतो आहे. त्या वेळी मात्र या चार-पाच दिवसांत एक लहानसा निर्णय मी घाईघाईनं केला, आणि पुढचं सगळं त्यातून निघालं.

चिपळूणला माझ्या भावाची मुलगी नानांपाशी होती. त्या वर्षी बारावीची परीक्षा रद्द झाली होती, त्यामुळं तिलाही वेळ होता. तिला सांगितलं होतं, की तिसऱ्या वहीच्या पानांचे फोटो काढ आणि साइटवर चढव. पोरीनं दोन पानांचे फोटो काढले, आणि तिचा फोन आला, “काका, घेतच नाही. मोठं आहे म्हणतं.” खरंच होतं. आचारी बाहेरचं गाठोडं दोन मेगाबाइटपर्यंतच आत घेतो, मूळची मर्यादाच तेवढी. ती वाढवायची ओळ मी बदलली होतीच, पण चुकीच्या यादीत! कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी तिला म्हटलं, “फोटो राहू देत. नंतर बघू. तू सरळ शब्द टाइप करायला घे.”

पोरगी कामाला लागली. इकडं मी आणखी एक सुधारणा करून बसलो होतो. तिची हकिकत थोडी बारकाईनं सांगायला हवी.

कोठीघरातल्या प्रत्येक डब्यावर, आत कुठल्या लिपीचा माल आहे याची चिठ्ठी असते. मायएसक्यूएल मूळचं स्वीडनचं. २०१८ साली आठवी आवृत्ती आली तोपर्यंत तुम्ही काही सांगितलं नाही, तर ते डब्यावर पश्चिम युरोपातल्या लिपीची चिठ्ठी लावायचं, आणि शब्दांचा क्रम लावायचं तो चक्क स्वीडिश पद्धतीनं. माझी साइट जुनी, तिच्यासाठी मुद्दाम जुन्या आवृत्तीचंच कोठीघर घ्यावं लागलेलं. तेव्हा नानांचे गडगे आणि साकव इतकी वर्षं स्वीडिश चिठ्ठीच्या डब्यांत मुकाट्यानं बसले होते. आणि गंमत म्हणजे काही बिघडलं नव्हतं! कारण माल पाठवणाराही सांगत होता, ‘हे युरोपी आहे,’ आणि घेणाराही म्हणत होता, ‘बरं, युरोपी.’ दोघंही चूक. पण चूक एकच असल्यामुळं मराठी जशीच्या तशी आत जात होती आणि तशीच बाहेर येत होती. ज्याला मोडी येत नाही असा दप्तरदार जुना कागद जसाच्या तसा बांधून ठेवतो ना, तसं. त्याच्या अज्ञानातच कागदाची सुरक्षितता असते.

मी शहाणा झालो होतो. कुठंतरी वाचलं, की युनिकोड वापरावं. मी पाठवणाऱ्याला सांगितलं, ‘आजपासून खरं बोल. हे युनिकोड आहे म्हणून सांग.’ डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या मात्र राहिल्या. म्हणजे दप्तरदाराला मी अर्धवट मोडी शिकवली. आता त्याला एवढं कळायला लागलं, की आलेलं अक्षर आपल्या दप्तराच्या लिपीत नाही. मग तो काय करणार? त्यानं प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं, आणि मूळ कागद फेकून दिला. २०१५ सालच्या ५.७ या आवृत्तीपासून मायएसक्यूएल अशा वेळी माल घ्यायलाच नकार देतं. डोळ्यांत पाणी आणील इतक्या कठोरपणानं. माझं जुनं कोठीघर लाघवी होतं. त्याची कुरकुर होती, पण ती आपणहून विचारली तरच ते सांगायचं. पोरगी शब्द टाइप करी, कळ दाबी, आणि पडद्यावर येई, ‘नोंद झाली.’

आणि मी? बदल केल्यावर पहिल्या दोन वह्यांचे शब्द भलत्याच युरोपी अक्षरांत दिसू लागले, म्हणून मी घाबरून साइटच्या दारावर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी लावली आणि तपासायला पेपर आले म्हणून ते काम बाजूला ठेवलं. नव्या नोंदी मी एकदाही उघडून पाहिल्या नाहीत. जून संपला. जुलैच्या मध्याला चिपळूणहून फोन आला, “काका, वही पूर्ण झाली. चारशे बारा शब्द!” मी तिला शाबासकी दिली.

२२ जुलै २०२१ची रात्र कोकणातल्या माणसाला सांगायला नको. वाशिष्ठी शहरात शिरली. आमचं घर बाजारपेठेपासून जवळ. नाना, भाऊ, वहिनी, पोरगी, सगळी माडीवर चढून बसली, आणि खाली जिन्याच्या पायऱ्या एक एक करून पाण्याखाली जाताना पाहत राहिली. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी भावाचा आवाज ऐकला आणि मी खाली बसलो. माणसं सुखरूप होती. बाकी खालच्या मजल्यावरचं काही राहिलं नव्हतं. कपाट, पलंग, भांडी, आणि कपाटातली तिसरी वही. तिचा चिखल झाला होता.

मी नानांना फोनवर मोठ्या रुबाबात म्हणालो, “नाना, काळजी करू नका. वही गेली तरी शब्द गेले नाहीत. सगळं साइटवर आहे.”

“असेल तर बरंच झालं,” नाना म्हणाले.

त्या रात्री मी नोंदी उघडल्या. चारशे बारा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत प्रश्नचिन्हं. चार प्रश्नचिन्हं, मग पाच, मग सहा. मध्ये एखादा स्वल्पविराम, शेवटी एखादा आकडा. पानामागून पान. मी हिला हाक मारली. तिनं पाहिलं, काही बोलली नाही, चहा करून आणला.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याला फोन केला. त्यानं पहिल्यांदा विचारलं, “सर, बदल करण्याआधी बॅकअप घेतला होता ना?” मी गप्प. मग तो म्हणाला, “जुन्या दोन वह्यांची चिंता करू नका. जे वेडंवाकडं दिसतं ते परत येतं.” आणि खरोखरच आलं. त्यानं डब्यांना आधी सांगितलं, की तुमच्यात कुठलीच अक्षरं नाहीत, नुसते बाइट आहेत. आणि मग सांगितलं, की हे बाइट युनिकोडचे आहेत. झालं! गडगा, बेडं, साकव पुन्हा डोळे चोळत उभे राहिले. “पण सर,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “प्रश्नचिन्ह परत येत नाही. देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. त्या तिन्हींच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसलंय. खाली काही उरलेलं नाही.”

घर धुऊन काढेपर्यंत भावानं नानांना पुण्याला आणून पोचवलं. शहात्तर वर्षांचे नाना एक पिशवी घेऊन दारात उभे होते. मी तीन दिवस काही बोललो नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी संगणक त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं, अर्धविरामापासून. पुराचा दोष पुराला देता आला असता. पण फोटो ‘नंतर बघू’ म्हणणारा मी होतो.

नानांनी चष्मा लावला. बराच वेळ ते त्या प्रश्नचिन्हांकडं पाहत होते. मग त्यांनी जे विचारलं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

“हे आकडे कसे काय राहिले?”

ते पानांचे आकडे होते. पोरीनं ते इंग्रजी टाइपले होते, म्हणून स्वीडिश दप्तरदाराला ओळखता आले. स्वल्पविराम, पूर्णविराम, दोन शब्दांमधली जागा, हीही तशीच होती.

“आणि चिन्हं कमी-जास्त का?”

मी चमकलो. पोरीच्या मोबाइलमध्ये ते दोन पानांचे फोटो अजून होते. ते मागवून घेतले आणि ताडून पाहू लागलो. जितकी चिन्हं टाइप केली तितकीच प्रश्नचिन्हं! फक्त काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सुटे मोजायचे, आणि जोडाक्षरातला पाय मोडल्याचाही एक धरायचा. साकव म्हणजे चार. पाखाडी म्हणजे सहा. फोटोतल्या पहिल्याच पानावर ‘पऱ्या’ होता; पावसाळी ओढ्याला आमच्याकडं म्हणतात तो. प, ऱ, त्याचा मोडका पाय, य आणि काना. पाच. पडद्यावर पाचच होती.

“म्हणजे हे शब्दकोडं आहे!” नाना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला कित्येक वर्षांनी मास्तर ऐकू आले.

नानांना कोड्यांचा नाद जन्माचा. दिवाळी अंक घरात आला, की कथा-कविता आईची आणि कोडं नानांचं, अशी वाटणीच होती. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमची बैठक सुरू झाली. वही त्यांनी विषयवार लिहिली होती, हे त्यांना आठवत होतं. “बारावं पान पाण्याचं. चौदावं पावसाआधीच्या कामांचं. चार चिन्हं म्हणतोस? आगोट असेल. आ, ग, ओकार, ट. लिही.” अर्थाच्या ओळींतूनही वाट सापडे. लांब शब्द, छोटा शब्द, मग स्वल्पविराम, हे पाहून ते डोळे मिटून त्या काळचं आपलंच वाक्य आठवत. एखादा शब्द अडला, की ज्या गावात तो ऐकला होता तिथली माणसं सांगू लागत. शाळेची पडवी, मुलाच्या डोक्यावरचं इरलं, दुपारच्या सुट्टीत भाकरी घेऊन येणारी त्याची आजी. शब्द सापडायला कधी पाच मिनिटं लागत, कधी दोन संध्याकाळी. आईविषयी नाना माझ्याशी कधी बोलत नसत. एकतिसाव्या पानावर बोलले. त्या पानावरचे सगळे शब्द तिनं सांगितलेले होते.

मी मात्र आता शहाणा झालो होतो. या खेपेला खरोखरचा. डब्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या, प्रत्येक नोंद केल्यावर ती उघडून वाचायची असा नियम केला, दर रविवारी बॅकअप, आणि गाठोड्याची मर्यादा बरोबर त्याच यादीत वाढवली. नानांना मी तो अर्धविरामही दाखवला. ते म्हणाले, “मी मुलांना सांगायचो, अर्धविराम म्हणजे वाक्य संपलेलं नाही, पुढं काहीतरी आहे. तुझ्या या यंत्रानं भलतंच शिकवलंय त्याला.”

दिवाळीपर्यंत तीनशे त्र्याहत्तर शब्द परत आले. एकोणचाळीस राहिले. त्यांच्यासाठी नानांनी पुष्कळ खटपट केली. जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले, तेही आता साठीला टेकलेले. शेवटी एका संध्याकाळी मी विचारलं, “नाना, या एकोणचाळीस ओळी आता काढून टाकू का? साइटवर बऱ्या दिसत नाहीत.”

“मुळीच नको,” नाना म्हणाले. “असू देत तशाच, पानाच्या आकड्यासकट. वाचणाऱ्या एखाद्या म्हातारीला येत असेल.”

तशाच ठेवल्या. आणि वाचकहो, गेल्या काही वर्षांत त्यांतल्या दोन सुटल्या आहेत. पैकी एक आम्हाला चिपळूणकडच्या एका बाईंनी कळवली. त्यांनी लिहिलं होतं, की चौदाव्या पानावरची ती चार प्रश्नचिन्हं म्हणजे ‘तरवा’ असावा. पावसापूर्वी आमच्याकडं तोच पेरतात. मी नानांना पत्र वाचून दाखवलं. नानांनी कपाळावर हात मारला.

“अरे, एवढा साधा शब्द! मी कसा विसरलो?”

आणि मग मोठ्यानं हसत म्हणाले, “अडतीस राहिले. लिही, लिही आधी. आणि लिहिल्यावर उघडून बघ!”

“नाना, सदतीस,” मी म्हटलं.

पण नोंद मात्र उघडून पाहिली. तरवा. चारही अक्षरचिन्हं जागेवर होती.